कोणता एरिया चांगला ते नंतर बघू, आधी घरातली गाडी कोण नेतं ते सांगा

प्रश्न : ताई, आम्ही जळगावचे. मिस्टरांना अंबडला एका कंपनीत नोकरी लागली आहे, ते पुढे जाऊन मित्राच्या खोलीवर राहताहेत. मला नाशिकरोडच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी मिळाली आहे, जूनपासून रुजू व्हायचंय. मुलगा नववीत जाईल. सासूबाई सत्तरीच्या, पण हिंडत्या-फिरत्या. जळगावात रोज सकाळी रामाच्या देवळात जाऊन येतात. त्यांचं म्हणणं, नाशिकला जायचं आणि काळारामापासून लांब राहायचं, तर मग जळगाव काय वाईट होतं? त्यांना पंचवटीच हवी. मिस्टरांनी पाथर्डी फाट्याला नव्या टॉवरमध्ये टू बीएचके पसंत केलाय, तिथून कंपनी दहा मिनिटांवर. मैत्रीण म्हणते, राहायचं तर गंगापूर रोडलाच राहा. एजंट रोज फोन करतो, कुंभमेळ्याच्या आत भाव चढतील, टोकन देऊन टाका म्हणतो. जळगावचं घर नुकतंच विकलं, पैसे बँकेत आहेत. घरात एकच बाईक आहे, ती मिस्टर नेतात. मी स्कूटी शिकले होते, पण मोठ्या रस्त्यावर न्यायची हिंमत होत नाही. नाशिकमध्ये कुटुंबासाठी चांगला एरिया कोणता? – एक वाचक, जळगाव

उत्तर : बाईकची गोष्ट तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ती पहिल्या ओळीत यायला हवी होती. चौघांच्या घरात गाडी एकाकडे आहे आणि घर कुठे घ्यायचं हेही तोच ठरवतोय. बाकीचे तिघं बस, रिक्षा आणि स्वतःचे पाय यांच्या भरवशावर. माझं मत सरळ आहे : घर या तिघांच्या सोयीनं बघा. ज्याच्या बुडाखाली गाडी आहे त्यानं लांब जावं. मिस्टर रागावतील, रागावू देत. उत्तर शेवटपर्यंत वाचून मगच त्यांच्या हातात द्या.

नाशिकमध्ये नवीन माणूस फसतो तो किलोमीटर मोजून. नकाशावर सगळंच जवळ दिसतं, आणि खरंच फार लांब काही नाही. पण या गावाला तीन आडकाठ्या आहेत. एक गोदावरी, जिच्या एका काठाला पंचवटी आणि दुसऱ्या काठाला जुनं नाशिक. दुसरी मुंबई-आग्रा महामार्ग. हा पाथर्डी फाट्याकडून मुंबई नाक्यावर, तिथून द्वारकेवर आणि पुढे आडगावकडे असा गावाला तिरका चिरत जातो. सिडको आणि अंबड त्याच्या एका बाजूला, इंदिरानगर, वडाळा आणि पुणे रोड दुसऱ्या बाजूला. तिसरी आडकाठी म्हणजे खुद्द द्वारका चौक, जिथे पुणे रोड महामार्गाला येऊन मिळतो. 2013 मध्ये महामार्गावर लांबलचक उड्डाणपूल झाला. धुळ्याहून मुंबईला जाणाऱ्याची त्यानं मोठी सोय केली, खाली राहणाऱ्याला मात्र रस्ता पूर्वीसारखाच ओलांडावा लागतो. इंदिरानगरच्या बोगद्यापाशी संध्याकाळी उभं राहून बघा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. नाशिकमध्ये घर निवडताना रोज यातलं काय काय ओलांडायचं आणि ते कोणी, एवढंच मोजा. दोन किलोमीटरवरची शाळा महामार्गापलीकडे असेल तर ती एकाच बसनं पोचता येणाऱ्या सहा किलोमीटरवरच्या शाळेपेक्षा लांब समजा.

आता मिस्टरांचा टॉवर. पाथर्डी फाटा वाईट अजिबात नाही. रस्ते रुंद, इमारती नव्या, लिफ्ट आहे, पार्किंग आहे, समोर पांडवलेणी आणि पायथ्याशी फाळके स्मारक. मुकणे धरणाचं पाणी आल्यापासून त्या अंगाची पाण्याची ओरडही पूर्वीइतकी राहिली नाही. सकाळी उठून अंबडला जाणाऱ्या माणसाला याहून बरी जागा मिळायची नाही. पण तुम्ही तिथून नाशिकरोडला कशा जाणार? एक वाट पाथर्डी गावातून वडनेर, विहितगाव अशी. ती लष्करी हद्दीच्या कडेनं जाते. दिवसा ठीक, संध्याकाळी सातनंतर एकट्या बाईनं रिक्षाची वाट बघत उभं राहावं अशी नाही. त्या पट्ट्यात बिबट्या दिसल्याच्या बातम्याही अधूनमधून येतात. दुसरी वाट इंदिरानगर, वडाळा करत पुणे रोडला लागायची. म्हणजे दोन वाहनं बदलायची, तीही पावसाळ्यात, हातात वह्यांचा गठ्ठा घेऊन. सासूबाईंचं तर बोलायलाच नको. तिथून काळाराम म्हणजे गावाचं दुसरं टोक. पहिल्या महिन्यात दोनदा जातील, मग एकादशीला, मग कोणी नेलं तर. आणखी एक, जे एजंट सांगणार नाही : महापालिकेचा खतप्रकल्प त्याच बाजूला आहे. वारा कुठल्या दिशेनं आला की कोणत्या सोसायटीत खिडक्या लावून घेतात, ते खालच्या वॉचमनला विचारा. सेल्स ऑफिसमध्ये विचारून उपयोग नाही.

पंचवटीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण सासूबाईंची मागणी तुमच्या घरात हसण्यावारी नेली जात असावी असं पत्राच्या सुरावरून वाटलं. तसं करू नका. सत्तरीत गाव सोडणाऱ्या बाईला नव्या गावात स्वतःचा एक रस्ता लागतो. रोजची एक वाट, ओळखीचा फुलवाला, देवळात शेजारी बसणाऱ्या दोघीजणी. काळारामाच्या अंगणात हे सगळं त्यांना महिनाभरात मिळेल. तुमच्या जळगावात कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो, इथे चैत्रातल्या कामदा एकादशीला रामरथ आणि गरुडरथ असे दोन निघतात. गोदाकाठी बुधवारचा बाजार भरतो. आमच्याकडच्या बायका अजूनही 'गंगेवर जाऊन येते' म्हणून निघतात आणि दोन तासांनी पिशवीभर भाजी घेऊन परततात. आजी रमतील यात मला शंका नाही.

अडचण वेगळीच आहे. काळारामापासून चालत जाता येईल अशा अंतरावर जी घरं आहेत ती बहुतेक जुनी. बोळ अरुंद, गाडी लावायला जागा नाही, जिने उभे. नदीच्या बाजूला सरकाल तर पुराचा विचार करावा लागतो. 2008, 2016 आणि 2019 च्या पुरात काय झालं ते तिथल्या कोणत्याही दुकानदाराला तोंडपाठ आहे. गोदाघाटावर दुतोंड्या मारुती आहे, पाणी त्याच्या गुडघ्याला लागलं की कमरेला, यावरून नाशिककर पूर मोजतात. घर नदीच्या किंवा नाल्याच्या जवळ असेल तर ते निळ्या पूररेषेच्या आत आहे की निळ्या आणि लाल रेषेच्या मधे, हे महापालिकेच्या नगररचना विभागात विचारल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नका. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असते, आणि मधल्या पट्ट्यात अटी. त्यात सिंहस्थ कुंभमेळा आलाच. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वण्या, म्हणजे मुख्य स्नानाचे दिवस आहेत. 2015 मध्ये पर्वणीच्या दिवसांत गोदाकाठाकडचे रस्ते बॅरिकेड लावून बंद होते, तिथं राहणाऱ्यांनाही स्वतःच्या घरी पोचायला यातायात पडली.

मग एजंट म्हणेल, पंचवटीतच पण नवीन बघू. तो तुम्हाला हिरावाडी दाखवेल, अमृतधाम दाखवेल, मखमलाबाद रोड, म्हसरूळ, आडगाव नाका दाखवेल. वस्त्या चांगल्या आहेत. म्हसरूळकडे हवा मोकळी, आरोग्य विद्यापीठ तिकडेच, भावही गंगापूर रोडच्या मानानं सुसह्य. कागदावर हे सगळं पंचवटी विभागातच येतं. पण तिथून काळारामाला आजी चालत जाणार नाहीत, रिक्षानंच जातील. आणि नाशिकची रिक्षा मीटरनं येते हे तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर त्याच्यावर बाकी कशातही विश्वास ठेवू नका. शिवाय तुमची शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला राहील : नदी ओलांडा, द्वारका ओलांडा, मग पुणे रोड. सासूबाईंना हे समजावताना 'पंचवटी लांब पडते' असं म्हणू नका. 'पंचवटीत राहूनही देऊळ लांबच पडतं' असं म्हणा, कारण खरं तेच आहे.

गंगापूर रोडबद्दल तुमच्या मैत्रिणीशी मी भांडणार नाही. जेहान सर्कलपासून आनंदवल्लीपर्यंतची झाडी, कृषीनगरचा जॉगिंग ट्रॅक, महात्मानगरचं मैदान, शेजारी कॉलेज रोड आणि तिथले क्लास. राहायला उत्तमच. पण तुमच्या चौघांपैकी एकाचंही रोजचं काम त्या बाजूला नाही. पुढे सोमेश्वरकडे सरकाल तर रविवारी धरणावर आणि वायनरीला निघालेल्या मोटारींच्या रांगेत अडकाल. जाहिरातीत 'गंगापूर रोड टच' लिहिलेली घरं मुख्य रस्त्यापासून किती आत असतात, तेही एकदा चालत मोजा. त्या पत्त्याचे जादा पैसे तुम्ही कशासाठी मोजायचे, मला समजत नाही.

सिडकोचं नाव तुमच्या पत्रात नाही याचं आश्चर्य वाटलं, कारण खान्देशातून आलेला माणूस आधी तिथंच जातो. त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर इथं फिरलात तर कानावर अहिराणी पडेल, भरताची वांगी आणि शेवभाजी शोधावी लागणार नाही. सिडको या सरकारी महामंडळानं कामगारांसाठी योजनावार छोटी घरं बांधली, लोकांनी त्यावर मजले चढवले आणि गल्ल्या होत्या तेवढ्याच राहिल्या. बाजार दारात, माणसं मदतीला धावणारी, पार्किंगवरून रोजची बाचाबाची. मिस्टर एकटेच राहणार असते तर मी सिडको म्हटलं असतं. तिथलं घर घ्यायची वेळ आलीच तर जमीन भाडेपट्ट्यावरची असू शकते हे लक्षात ठेवा आणि हस्तांतरणाचे कागद वकिलाला दाखवा. सातपूरचा विचार तुम्हाला करायचं कारण नाही. जुनं नाशिक रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, उडी मारायला जावं असं, राहायला नव्यानं जाऊ नये. तिथं पावसाळ्यात एखादा तरी वाडा कोसळल्याची बातमी येतेच.

आता तुमच्यापैकी कोणीच न घेतलेलं नाव सांगते : उपनगर. म्हणजे पुणे रोडवरचा उपनगर, गांधीनगर, डीजीपीनगरचा पट्टा, हवं तर अलीकडे अशोका मार्गापर्यंत. इथून नाशिकरोड हाकेच्या अंतरावर, सरळ रस्ता, शेअर रिक्षा सतत. तुम्हाला ना महामार्ग ओलांडायचा, ना द्वारका. मुलाला तुमच्याच शाळेत किंवा जवळच्या दुसऱ्या शाळेत घालता येईल आणि तो सायकलनं किंवा तुमच्याबरोबर जाईल. सासूबाईंसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे नाशिकरोड ते पंचवटीतलं निमाणी ही सिटी बस. शहरातला हा जुना, वाहता मार्ग, आता त्यावर महापालिकेच्या सिटीलिंकच्या गाड्या धावतात. उपनगरच्या थांब्यावर चढायचं, पंचवटी कारंजाला किंवा निमाणीला उतरायचं, मधे बदलायचं काही नाही. द्वारकेला बस अडकेल, पण आजी बसलेल्या असतील आणि त्यांना कुठल्या बैठकीला पोचायचं नाहीये. परत यायलाही तीच बस. रोज नाही, तरी आठवड्यातून तीन-चार वेळा त्या कोणाच्याही मदतीशिवाय काळारामाला जाऊ शकतील. उरलेल्या दिवशी नाशिकरोडचं मुक्तिधाम मंदिर जवळ आहेच. आणि जळगावला जायचं झालं तर रेल्वे स्टेशन इकडेच, गाडी थेट मिळते.

मिस्टरांना मात्र वडाळा, इंदिरानगर, पाथर्डी फाटा असं करत अंबड गाठावं लागेल. गर्दीच्या वेळी अर्धा-पाऊण तास धरा. दहा मिनिटांच्या जागी पाऊण तास म्हणजे जास्तच, हे मला मान्य आहे. पण हिशेब उलटा मांडून बघा : ते दहा मिनिटांत पोचावेत म्हणून तुम्ही रोज दोनदा वाहनं बदलणार, आजी घरात बसणार आणि मुलगा क्लासला जायला बाबांच्या शिफ्टची वाट बघणार. कंपनीची बस नाशिकरोडकडून येते का, हेही त्यांनी विचारावं. अंबडच्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांच्या बस असतात.

उपनगरात सगळं गोड आहे असं नाही. गांधीनगरला लष्कराचं हेलिकॉप्टर प्रशिक्षण आहे, सकाळी डोक्यावरून घरघर सुरू होते. आठवड्यात सवय होते म्हणतात, पण मुलगा अभ्यासाला बसणार असेल तर घर बघायला जाताना आठवड्यातल्या कामाच्या दिवशी जा, रविवारी सगळं शांत असतं. लष्करी हद्दीलगतची इमारत असेल तर बांधकामाला ना-हरकत होती का ते विचारा. उन्हाळ्यात दारणेचं, चेहेडीच्या बंधाऱ्यातलं पाणी खराब झालं की नाशिकरोडकडे ओरड होते, म्हणून त्या इमारतीला पाणी कुठलं येतं आणि मे महिन्यात टँकर लागला होता का, हे पहिल्या मजल्यावरच्या गृहिणीला विचारा. सोसायटीचा चेअरमन याचं उत्तर फिरवून देतो. आणि संध्याकाळी कॉफी प्यायला बाहेर पडावं असं काही हवं असेल तर ते अशोका मार्गाकडे, उपनगरात नाही.

आता टोकनचं. देऊ नका. पहिलं वर्ष भाड्यानं राहा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा त्या घरात काढा. कुंभमेळ्याआधी भाव चढतील की नाही हे एजंटला माहीत असतं तर त्यानं स्वतःच घेऊन ठेवले असते. घर विकल्याच्या पैशांची घाई वाटत असेल तर ती करामुळे वाटत असावी, आणि त्यासाठी मुदत आहे. जुनं घर दोन वर्षांहून जास्त काळ तुमच्याकडे असेल तर त्याच्या नफ्यातून दुसरं तयार घर घ्यायला विक्रीपासून दोन वर्षं मिळतात, बांधायचं असेल तर तीन. फक्त तोवर न वापरलेली रक्कम आयकर विवरणपत्राच्या मुदतीआधी बँकेच्या कॅपिटल गेन खात्यात टाकावी लागते. साध्या मुदत ठेवीत ठेवून चालत नाही. हे खातं कसं उघडायचं ते जळगावच्याच सीएला विचारून घ्या. पुढे घर घ्याल तेव्हा बांधकाम प्रकल्पांची नोंद ठेवणाऱ्या महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून ताब्याची तारीख किती वेळा पुढे ढकलली आहे ते बघा. आणि घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. मिस्टरांना हा मुद्दा हिशेबाचा म्हणून सांगा, पटेल.

भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी आपल्या राज्यात तो नोंदवावाच लागतो, आणि नोंदवण्याची जबाबदारी कायद्यानं घरमालकाची आहे. 'नुसत्या स्टॅम्प पेपरवर करू' म्हणणारा मालक टाळा. डिपॉझिट परत किती दिवसांत आणि रंगाचे पैसे कापून की न कापता, हे करारात लिहून घ्या.

घर ठरवण्याआधी एक दिवस सगळ्यांना घेऊन या, सासूबाईंनाही. मिस्टरांना म्हणावं, बाईक उपनगरच्या घराखाली लावा आणि किल्ली खिशात ठेवा. सकाळच्या गर्दीला तुम्ही रिक्षानं शाळेपर्यंत जाऊन या, आजींना निमाणीच्या बसमध्ये बसवा आणि मुलाला त्यांच्याबरोबर पाठवा. मग हाच खेळ पाथर्डी फाट्यावरून करा. दुपारपर्यंत वाद मिटलेला असेल, आणि नाहीच मिटला तर निदान तो एजंटच्या फोनवरून होणार नाही. आजींना बसची पायरी चढवत नाही असं त्या दिवशी दिसलं तर माझा सगळा सल्ला बाजूला ठेवा. मग देवळाच्या गल्लीतलं तळमजल्याचं भाड्याचं घर शोधा आणि तुम्ही दोघांनी प्रवास करा. ते घर पूररेषेपासून लांब आहे ना, एवढं मात्र बघा.

त्या एजंटला कळवा की विकतचं नको, भाड्याचं हवंय, उपनगरात, तिसऱ्या मजल्याच्या आत किंवा लिफ्ट असेल तर कुठेही. आणि एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागेल, ते घर दाखवायच्या आधीच ठरवून घ्या.